खिचडीकाकींचा शेरा

खिचडीकाकींना ‘छान’ हा शब्द खपत नसे. त्यांच्या हातचं खाऊन कुणी ‘छान झालंय’ म्हटलं की डाव हातात तसाच धरून त्या विचारायच्या, "काय छान? मीठ छान, जाळ छान, का तुला भूक लागली व्हती म्हणून छान? नीट सांग नायतर गप जेव." समोरचा एकदा गडबडला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मग त्याच्या ताटात आणखी एक डाव पडायचा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ज्यांनी मराठी ब्लॉग लिहिले किंवा नुसते वाचले, त्यांना लेखाखालची एक सही आठवत असेल : ‘काकी, खिचडी, धसई’. या सहीवरून त्या वेळी बरेच तर्क चालले होते. कुणी म्हणे हा निवृत्त प्राध्यापक आहे आणि मुद्दाम खेडवळ लिहितो. कुणी म्हणे ही दोन-तीन टवाळ पोरं आहेत. खरी गोष्ट अशी, की धसईपासून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर एक वाडी आहे, तिथल्या शाळेत मुलांची दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बाईंची ती सही होती. सातवी शिकलेल्या. बोलणाऱ्या त्या आणि टाइप करणारा मी. त्यांचे शेकडो शेरे मी जसेच्या तसे उमटवले, एक सोडून. त्या एकाबद्दल मी इतकी वर्षं तोंड उघडलेलं नाही. आज उघडणार आहे. पण आधी काकी.

धसईच्या बाजारात माझं टायपिंगचं दुकान. दोन संगणक, एक छपाईयंत्र, लॅमिनेशनचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. काकी पहिल्यांदा आल्या त्या शाळेला नवीन पातेलं मिळावं म्हणून अर्ज करून घ्यायला. यंत्र तापेपर्यंत त्या उभ्याउभ्या माझ्या पडद्यावरचं वाचू लागल्या. मी ब्लॉग उघडून बसलो होतो. परदेशात राहणाऱ्या एका बाईंनी शेवळांच्या रानभाजीवर लिहिलं होतं. आजी, चूल, नुसत्या कांद्यावर परतलेली शेवळं, डोळ्यांत पाणी वगैरे.

"हिनं खाल्लीच नाय," काकी म्हणाल्या.

"कशावरून?"

"काकडं टाकल्याबिगर शेवळं खाल्ली तर घसा खाजतो. हिनं खाल्ली असती तर हिचा खाजला असता, आन खाजला असता तर हिनं लिवला नसता का? यवडं रडली ती. लिव तिला."

"मी लिहू? तिला?"

"मग काय, मी अमेरिकेला जाऊ?"

मी लिहिलं. खाली नावाची चौकट आली. नाव काय टाकू विचारलं तर "काकी" म्हणाल्या. पूर्ण सांगा म्हटलं तर बोटावर मोजून म्हणाल्या, "काकी. खिचडी. धसई." तेच टाकलं.

पुढच्या बाजाराला काकी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या, तोवर त्या लेखाखाली चाळीसेक लोक जमले होते. लेखिकाबाईंनी कबूल केलं होतं, की शेवळं त्यांनी फक्त फोटोत पाहिली आहेत, आणि काकडं म्हणजे काय हो काकी, असं विचारलं होतं. ते वाचून काकी इतक्या हसल्या की बाकड्यावर बसल्या. "बघ. बाई खरी हाय. आता तिला सगळं सांगते. काकडं म्हंजे रानातली आंबट फळं, शेवळांची खाज मारतात. बोट चालव."

तिथून सुरुवात झाली. दर बाजाराला सकाळीच भाजी विकून झाली की टोपली दाराशी पालथी घालून त्या आत यायच्या, चष्मा पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "काय रे टायपिंग, काय शिजलंय आज?" माझं नाव त्यांना माहीत होतं. त्यांनी ते कधी वापरलं नाही.

त्या मोठ्यानं वाचायच्या. दुकानात सातबाऱ्याच्या कामाला आलेले लोक ऐकत बसायचे. बर्फातल्या कुठल्यातरी गावावरचा लेख एकदा त्यांनी अख्खा वाचला. संपल्यावर कोपऱ्यातले एक आजोबा काळजीनं म्हणाले, "पन मग भाताचं आवण कुठं टाकतात गो ते?" काकी म्हणाल्या, "विचार रे त्याला." मी विचारलं. त्या माणसानं पुढचा संपूर्ण लेख तिकडच्या शेतीवर लिहिला, आणि पहिल्याच ओळीत धसईच्या आजोबांचे आभार मानले. आजोबा ते छापून घरी घेऊन गेले.

आता त्यांच्या शेऱ्यांमागची गोष्ट. शाळेत खिचडीची एक वही असते, चवीची. मुलांना वाढण्याआधी मास्तरांनी किंवा एखाद्या पालकानं चाखायचं आणि वहीत शेरा लिहून सही करायची, असा नियम. काकींच्या शाळेत होत असं, की आठवड्याच्या शेवटी कुणीतरी एका बैठकीत सहा दिवसांचं लिहून टाकी : चव चांगली, चव चांगली, चव चांगली. काकींना हे फार लागायचं. "मंगळवारी माझी करपली व्हती. पोरांनी नाकं मुरडली. आन वहीत ‘चव चांगली’! म्हणजे मी चांगली करते तवाच्या ‘चांगली’ला काय किंमत राहिली?" एकदा त्यांनी मास्तरांच्या हातातून वही ओढून घेतली आणि समोर ताटली ठेवली. "आधी खा, मग लिवा." तेव्हापासून मास्तर रोज खाऊ लागले. वर्षभरात त्यांचं पोट सुटलं, आणि त्याचाही दोष काकींवर आला.

हाच नियम त्यांनी ब्लॉगला लावला. पूर्ण वाचल्याशिवाय शेरा नाही, आणि शेरा म्हणजे नेमका. एका कवीला त्यांनी कळवलं, ‘शेवटच्या दोन ओळी काढा. भात शिजल्यावर जाळ लावत नायत.’ नाणेघाट चढून आलेल्या एका हौशी भटक्याला लिहिलं, ‘तुमी पाणी प्यायलात ती विहीर लिवली. पाणी ओढून दिलं कुणी ते नाय लिवलं.’ आईच्या आजारपणावर लिहिणाऱ्या एका मुलीला फक्त एवढंच : ‘आज दोनदा वाचलं. खिचडीला उशीर झाला. तुमच्यामुळे.’ ती मुलगी नंतर म्हणाली, की एवढं मोठं बक्षीस तिला कधी मिळालं नाही.

एक गृहस्थ सुंदर लिहायचे आणि मध्येच थांबले. काकी दर बाजाराला त्यांचं पान उघडायला लावायच्या. जुनाच लेख दिसे. त्याखाली काकी लिहवून घेत, ‘आज पण नाय का?’ असं तीन-चार महिने चाललं. एकाखाली एक, ‘आज पण नाय का?’ शेवटी एकदा नवा लेख आला. बायको गेल्याचं त्यात होतं. काकींनी तो मनात वाचला, मोठ्यानं नाही. मग म्हणाल्या, "लिव : ‘आलात. बसा.’"

असं करत करत काकींच्या शब्दाला वजन आलं. लोक लेख टाकला की वाट बघायचे. ‘काकींनी चाखलं का?’ असं एकमेकांना विचारायचे. मी त्या वजनाच्या इतका जवळ बसत होतो, की मला मोह झाला.

मीही लिहीत होतो. ‘बांधावरचा’ हे टोपणनाव घेऊन. हे काकींना ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. मला कुणी फारसं वाचत नसे. मग मी वडिलांवर एक लेख लिहिला. शेतात राबून आलेले वडील, संध्याकाळी ओसरीवर बसलेले, आणि मी रोज त्यांचे पाय चेपतोय. चेपता चेपता त्यांच्या पायांत मला सगळी शेतं दिसतायत. भाषा चांगली साधली होती, हे आजही म्हणेन. खोट एकच होती. मी वडिलांचे पाय कधीच चेपले नव्हते. ओसरीवर ते एकटे बसत. मी दुकानात बसून त्यांच्याबद्दल लिहीत होतो. आमचं भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. मला शिकवून त्यांनी दुकान काढून दिलं, आणि मग आमच्यात बोलायला काही उरलं नाही, असं मी धरून चाललो.

काकींनी तो लेख वाचला. मी पाठीमागे उभा. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ह्यानं बापाचे पाय चेपले नायत."

"कशावरून काकी?"

"अरे, शेतकऱ्याच्या टाचेला भेगा असतात. चेपताना आपलं बोट अडकतं त्यात. बाप कळवळतो, एखादी शिवी पन देतो. ह्याच्यात सगळी शेतं हायत, भेग एक नाय. लिव त्याला : ‘हळद लय, मीठ नाय. आधी बापाजवळ जाऊन बसा.’"

त्या टोपली उचलून गेल्या. मी दुकानात एकटा उरलो आणि टाइप केलं, ‘डोळ्यात पाणी आलं. असा मुलगा सगळ्यांना मिळो. काकी, खिचडी, धसई.’

लिहिताना हात थरथरले वगैरे म्हणायला आवडलं असतं. थरथरले नाहीत. काम सफाईनं केलं.

काकींच्या डोळ्यांत कधी पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे धावत आले. लेख इकडून तिकडे पाठवला गेला. वर्षाअखेर ब्लॉगवाल्यांनी आपल्यातले निवडक लेख एकत्र केले, त्यात तो पहिला होता, आणि त्याखाली काकींचा तो शेराही छापला होता. काकींपर्यंत हे पोचू नये म्हणून मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. ते पान उघडत नाही म्हणायचो. लाइन गेली म्हणायचो. निरोप आले ते दाबायचो.

पण ब्लॉगवाल्यांनीच ठरवलं, काकींना भेटायचं. एका रविवारी सतरा जण गाडी करून कल्याणहून निघाले, मुरबाडला चहा प्यायले आणि धसईत माझ्या दुकानासमोर उतरले. वाडीपर्यंत मी त्यांना पायवाटेनं नेलं. शहरी बूट, खांद्याला कॅमेरे, आणि प्रत्येकाच्या हातात काकींसाठी काहीतरी. कुणी शाल, कुणी पुस्तकं. एकानं तर नवा झारा आणला होता.

काकींनी शाळेच्या पडवीत सगळ्यांना पंगतीला बसवलं. वालाची खिचडी, वर तूप, बाजूला भाजलेला पापड. वाढून झाल्यावर एक कोरी वही पुढे केली. "आता तुमची बारी. खा, आन लिवा. ‘छान’ लिवलं त्याला परत लिवावं लागंल."

सतरा लिहिते हात, आणि कुणाला दोन ओळी सुचेनात! कवी पेन चावत बसला. शेवळंवाल्या बाई सुट्टीला भारतात आल्या होत्या, त्यांनी लिहिलं, ‘वाल एक शिटी जास्त झाले.’ काकी म्हणाल्या, "बाये, शाळंत कुकर नाय. पन जास्त झाले ते खरंय. तू शिकलीस." आणि त्या बाई अशा लाजल्या की जणू पदवी मिळाली. सगळी पडवी हसत होती. आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत मी तो दिवस धरतो, पुढे जे झालं ते धरूनसुद्धा.

जेवणं उरकता उरकता ‘आज पण नाय का’वाले गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, "काकींचा एक शेरा मी पाठ केलाय." आणि त्यांनी तो म्हटला. डोळ्यात पाणी आलं. असा मुलगा सगळ्यांना मिळो.

"ह्यो कुठला?" काकींनी विचारलं.

"वडिलांचे पाय चेपणाऱ्या त्या ‘बांधावरच्या’ला लिहिलेला. विसरलात?"

काकींनी माझ्याकडं पाहिलं. मी पापडाकडं पाहत होतो. एका शब्दात त्या मला उघडा पाडू शकत होत्या, आणि ते रास्त झालं असतं. सतरा माणसं त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"हां, तो," काकी म्हणाल्या. "तो जरा कच्चा व्हता. शिजंल."

लोक हसले. काकींचा विनय म्हणाले.

गाडी गेल्यावर मी पातेलं घासू लागायला थांबलो. काकी राखेनं घासत होत्या, मी पाणी ओतत होतो.

"बाप तुझाच ना रे तो?"

"हो."

"आन लेख?"

"माझाच."

"न चाखता माझ्या नावानं लिवलंस, टायपिंग. त्या वहीसाठी मी शाळंत यवडी भांडते, आन तू माझ्याच नावानं ‘चव चांगली’ लिवलंस."

मी म्हटलं, "काकी, आजच काढून टाकतो. सगळ्यांना सांगतो."

"काढू नको. सतरा जणांनी जेवता जेवता आयकलाय, आता काय काढतोस? मी लिवलं म्हणजे लिवलं. तू आता तो खरा कर." पातेलं पालथं घातलं. "आजपासून चेप. रोज. शेरा खरा झाला की मी सांगन."

त्या संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि ओसरीवर जाऊन वडिलांच्या पायांशी बसलो. त्यांनी पाय आखडून घेतला. "काय रे, दुकान बुडालं का?" नाही म्हटलं. "मग जमीन नावावर पायजे?" तेही नाही म्हटल्यावर ते जास्तच घाबरले आणि त्यांनी आईला हाक मारली. चौथ्या-पाचव्या दिवशी कुठे त्यांनी पाय सैल सोडला. माझं बोट अडकलं. त्यांनी शिवी दिली. इतकी अस्सल शिवी मी लहानपणानंतर ऐकली नव्हती.

दर बाजाराला काकी दुकानात येऊन आधी एकच शब्द विचारायच्या, "काल?" लोकांना वाटे माझा काही औषधोपचार चालू आहे. मी "हो" म्हणायचो. एखादा दिवस चुकला असेल तर "नाही" म्हणायचो, कारण त्यांच्यापुढं दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

तरी त्यांनी माझ्या शब्दावर काम ठेवलं नाही. एका बाजाराला टोपली घेऊन थेट आमच्या घरी आल्या. "बाबा, ह्यो पाय चेपतो का वो तुमचे?"

वडील विचार करून म्हणाले, "उजवा बरा चेपतो. डाव्याला घाई करतो."

"डावा अजून कच्चा हाय," काकी मला म्हणाल्या. आई हसून हसून आत गेली. घरात दूध संपलं होतं म्हणून मी चहासाठी दूध आणायला गेलो. परत आलो तेव्हा दोघं गप्प बसलेली होती.

पुढची सहा वर्षं, वडील होते तोवर, मी पाय चेपले. चेपता चेपता बोलणं निघालं. भाताच्या जुन्या वाणांबद्दल, आजोबांबद्दल, कशाहीबद्दल. त्यातलं मी काही ब्लॉगवर घातलं नाही. ‘बांधावरचा’ आपोआप थांबला. इतरही हळूहळू थांबले, लोक फोनवर दोन ओळी लिहू लागले. काकींच्या वाडीत मुलं उरली नाहीत, शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली आणि चुलीचं काम गेलं. त्यांची मुलगी खर्डीला असते, ती त्यांना घेऊन गेली. निघताना दुकानात आल्या. मी विचारलं, "काकी, शेरा खरा झाला का? तुम्ही सांगणार होतात." त्या म्हणाल्या, "बापाला झाला. लोकांना कुठं झालाय?" आणि गाडीत बसल्या.

म्हणजे सांगणं माझं मलाच करायचं होतं. ते करायला मला इतकी वर्षं लागली. तो लेख जुन्या पानावर तसाच आहे, अजूनही कुणीतरी तो शोधून वाचतं आणि खाली ‘काकींचा शेरा अगदी खरा’ असं लिहितं.

गेल्या महिन्यात हे सगळं इथवर लिहून झालं आणि मी ते घेऊन खर्डीला गेलो. काकींच्या डोळ्यांना आता अक्षरं दिसत नाहीत. अंगणात खाटेवर बसून त्या वाल सोलत होत्या, हाताच्या अंदाजानं, आणि एकही दाणा सांडत नव्हता. मी वाचलं, त्यांनी ऐकलं. मास्तरांच्या सुटलेल्या पोटापाशी हसल्या. माझ्या चोरीपाशी वाल सोलायच्या थांबल्या, मग पुन्हा सोलू लागल्या.

वाचून झाल्यावर म्हणाल्या, "एक नाय आलं ह्याच्यात."

"काय?"

"तू दूध आणाया गेलास ना, तवा तुझा तो लेख मी बाबांना वाचून दाखवला. छापून आणला व्हता मास्तरांकडून."

वडील त्यानंतर सहा वर्षं होते. रोज संध्याकाळी पाय माझ्या मांडीवर होते. कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ‘परत वाच.’ मी परत वाचला."

"खोटा आहे हे त्यांना सांगितलंत?"

काकींनी सोललेले वाल चाचपून एका बाजूला केले.

"काय सांगायचं रे? पाय त्यांचेच व्हते ना."

मी मान खाली घातली. त्यांना ते दिसलं नसणार, पण कळलं असावं. मग म्हणाल्या, "लिव हे पन. मग टाक सगळ्यांपुढं."

लिहिलं, काकी. टाकतोय.